वाढत्या अंगाचा ड्रेस

दिंद्रुडच्या कौशल्याबाईनं लेकीच्या शाळेच्या सहलीसाठी, वॉटर पार्कात घालायचा नायलॉनचा ड्रेस आणला, टोपी आणली, तिथल्या घसरगुंड्यांच्या चित्रांचं पुस्तकही आणलं. ऊसतोडीला जाणारं घर. कापड घ्यायचं ते वाढत्या अंगाचंच. ड्रेसही तिनं तसाच घेतला.

"आई, लई ढगळा हाय. पोरी हसतील मला," शिवकन्या रुसली.

"दोन वर्सं पुरंल! घालायचा नसंल तर जाऊच नको," कौशल्याबाई कडाडली.

पोर खरंच गेली नाही. आईबरोबर उसाच्या फडावर गेली. तिथं तिला साप चावला, ती वाचली नाही.

परवा, दोन वर्षांनी, ट्रंकेतून तो ड्रेस निघाला. शिवकन्येच्या वर्गातली शेजारची पोर दारात उभी होती. कौशल्याबाईनं तो तिच्या अंगाला लावून पाहिला.

नेमका बसला.