हात धुऊन या

मोठ्या दुकानात काउंटरवरची मुलगी माल उचलते, त्यावरच्या काळ्या रेघा लाल उजेडासमोर धरते आणि 'टी' असा आवाज येतो. लोकांच्या कानावरही तो येत नाही. माझं मात्र डोकं फिरतं. इतकी वर्षं झाली तरी फिरतं. कारण ह्या यंत्राचं एक भावंड मी तरुणपणी पाहिलंय, आणि त्यानं माझ्या बाबाच्या हातातून एक गोष्ट काढून घेतली. यंत्रानं म्हणते खरी, पण यंत्राला काय कळतं? माणसांनीच काढून घेतली.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीची गोष्ट. माजरीकडच्या कोळसापट्ट्यात एका वसाहतीत कामगारांचं सहकारी भांडार होतं. बारावी झाल्यावर मी तिथं काउंटरवर बसायला लागले. बाबा खाणीत उतरून कोळसा भरायचा. भांडारात माल उघड्या फळ्यांवर मांडलेला असायचा आणि ज्यानं त्यानं तो आपल्या हातानं उचलून काउंटरवर आणायचा. आज यात कुणाला नवल वाटणार नाही. बाबाला वाटायचं. गावी आमच्या लोकांनी किराणा दुकानाच्या पायरीखाली उभं राहायचं आणि दुकानदारानं वरून पदरात मीठ टाकायचं, हे बघत तो मोठा झालेला. आजोबांनी दीक्षा घेतली, आम्ही बौद्ध झालो, पण गावातली ती पायरी काही हलली नाही.

भांडारात बाबा पाळी संपवून यायचा, साबणाच्या फळीसमोर उभा राहायचा, एकेक वडी उचलून नाकाशी धरायचा, उलटीसुलटी करून परत ठेवायचा. आणि एवढं करून दर वेळी तीच हिरवी वडी घ्यायचा. मी काउंटरवरून ओरडायचे, "बाबा, तेच घ्याचं हाये तं एवढ्या वड्या काऊन हुंगून राह्यला?"

"हुंगू देऊन राह्यले ना," तो म्हणायचा, "मनून हुंगतो."

मग एक तरुण इंजिनिअर आला. शहरातल्या कुठल्याशा कारखान्यात तो दुकानांसाठी यंत्र बनवत होता आणि ते चालवून पाहायला त्याला एक भांडार हवं होतं. आमच्या भांडाराच्या समितीला कोण आनंद! यंत्र म्हणजे पेनाएवढी कांडी, टोकाला लाल दिवा, मागं वायर, वायरीला डबा. मालावर रेघांची चिठ्ठी चिकटवायची, तिच्यावरून कांडी ओढायची, की 'टी' होऊन डब्यावर भाव उमटायचा. काळी रेघ उजेड गिळते, पांढरी जागा तो परत पाठवते, त्यावरून डब्याला आकडा कळतो, असं त्यानं मला समजावलं. समजवायचा छान, खोटं कशाला सांगू? मला यंत्र आवडलंही होतं. आम्ही सगळ्यांनी बसून वड्यांवर, डब्यांवर, पुड्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या.

पण यंत्र बनवताना एक गोष्ट गृहीत धरली होती, की पांढरं ते पांढरंच राहणार. कोळशाच्या गावात! आमच्याकडं बाहेर वाळत घातलेलं धुणं वाळेपर्यंत काळं व्हायचं. त्यात पाळीवरून सुटलेली माणसं नळावर कितीही घासून आली तरी बोटांच्या रेषांत आणि नखांत कोळसा उरतोच. त्यांनी माल उचलला की चिठ्ठी मळायची, आणि कांडी मुकी व्हायची. मी ओढतेय, पुन्हा ओढतेय, डबा ढिम्म.

आधी दोष माझ्या हातावर आला. "ताई, तुम्ही एकसारखी ओढत नाही," इंजिनिअर म्हणाला. "जरा तिरपी धरा. घाई करू नका." मी तिरपी धरली, सरळ धरली, हळू ओढली. भांडाराच्या व्यवस्थापकानं मला शाळकरी पोरीसारखं कोऱ्या चिठ्ठ्यांवर सराव करायला बसवलं. कोऱ्या चिठ्ठीवर कांडी दर वेळी 'टी' करायची. तेव्हा कुठं त्यांनी माझा हात सोडला.

मग दोष लोकांच्या हातांवर गेला. खाणीचे मोठे साहेब लोक यंत्र बघायला येणार असं ठरलं होतं. व्यवस्थापकानं फळ्यांपुढं काथ्याची दोरी बांधली आणि दारावर पाटी लावली: 'हात धुऊन या'. धुऊन आलेल्यांनीही दोरीच्या अलीकडंच उभं राहायचं, हवं ते बोटानं दाखवायचं, आतला नोकर काढून देणार. ऑफिसातल्या बाबूंच्या बायका मात्र दोरी उचलून खुशाल आत जायच्या. त्यांचे हात स्वच्छ होते ना!

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी व्यवस्थापकाला म्हटलं, "साहेब, हे तं गावातल्या दुकानावानी झालं."

"जातीचं नोको काढू, पोरी," तो म्हणाला. "मी काई बोललो का? मशीनले काळं चालत नाई, एवढंच."

मशीनले चालत नाही! पायरीवरच्या दुकानदाराला निदान तोंड होतं, त्याला शिव्या तरी देता यायच्या. इथं मी कुणाशी भांडायचं होतं?

मी इंजिनिअरला गाठलं. विचारलं, "चिठ्ठ्या मालावरच पाहिजेत का?"

"तसं काही नाही," तो म्हणाला. "सगळ्या चिठ्ठ्या एका पुठ्ठ्यावर लावून काउंटरवर ठेवल्या तरी चालतं. माल कसाही मळलेला येऊ दे, तुम्ही पुठ्ठ्यावर कांडी ओढायची."

"मग तसं का नाही करत?"

"साहेबांना दिसायला हवं ना, ताई. वस्तू उचलली, कांडी ओढली, भाव आला. पुठ्ठ्यात बघण्यासारखं काय आहे?"

हे मी त्याला कधीच माफ केलं नाही. त्याला माहीत नसतं तर केलंही असतं.

दोरी बांधल्यापासून बाबा भांडारात फिरकला नव्हता. घरात अंगाचा साबण संपून कपड्याच्या वडीनं अंघोळी चालल्या होत्या, माय रोज कुरकुरत होती, पण मी आणते म्हटलं तर बाबा 'नोको' म्हणायचा. आणि तो आला तो नेमका साहेब आले त्या दिवशी. पाळीवरून थेट आला, वाकून दोरीखालून आत गेला आणि साबणाच्या फळीसमोर उभा राहिला. साहेब बघताहेत, व्यवस्थापक बघतोय, आणि हा एकेक वडी नाकाशी धरतोय. शेवटी हिरवी वडी आणून त्यानं माझ्यापुढं ठेवली. चिठ्ठीवर त्याचा काळा अंगठा अख्खाच्या अख्खा उमटला होता. मी कांडी ओढली. काही नाही. पुन्हा ओढली.

"भाऊ, पाटी नाई वाचली का?" व्यवस्थापक दातओठ खात म्हणाला. "हात धुऊन ये आंधी."

"हात धुवालेच तं साबन घेऊन राह्यलो, साहेब," बाबा म्हणाला.

रांगेतली माणसं खो खो हसली. मीही हसले. मला वाटलं, आता ह्या लोकांना लाज वाटेल. व्यवस्थापकानं वडी उचलली, ओल्या फडक्यानं पुसली, इंजिनिअरनं तिच्यावर कोरी चिठ्ठी डकवली आणि माझ्या हातातली कांडी घेऊन स्वतःच ओढली. 'टी'! साहेबांनी टाळ्या वाजवल्या. यानं लोकांना स्वच्छतेची सवय लागेल, असं त्यांच्यातला एक जण म्हणाला. बाबानं वडीसाठी हात पुढं केला होता. व्यवस्थापकानं ती हातावर न देता बोटानं काउंटरवरून सरकवली.

पुढं डब्यात धूळ जाऊन यंत्र पावसाळ्याआधीच बंद पडलं. इंजिनिअर ते घेऊन गेला तो परत आला नाही. चिठ्ठ्या हळूहळू सुटून पडल्या. दोरी मात्र तशीच राहिली, कारण आता माल मळत नव्हता आणि व्यवस्थापकाला ते सोयीचं वाटत होतं. मी ती सोडली, त्यानं बांधली. पुन्हा सोडली, तेव्हा त्यानं नोकरीवरून काढायची भाषा केली.

मग एक दिवस बाबा आला. या वेळी तो दोरीच्या अलीकडं थांबला. "साबन दे वं," म्हणाला. मी काउंटर सोडून उठले, फळीवरच्या सगळ्या रंगांच्या वड्या ओंजळीत भरल्या आणि दोरीवरून त्याच्या तोंडाशी नेल्या.

"घे बाबा, हुंगून पाह्य."

त्यानं हात मागंच ठेवले.

"कोनतीबी दे," तो म्हणाला.