मीनलचे दोन्ही खांदे

बातमी छापून झाली की माझ्या डोक्यातून जाते. छापता येत नाहीत त्या गोष्टी मात्र साठत राहतात, आणि आमच्या डब्याच्या टेबलावर तर त्यांना बसायलाही आता जागा उरलेली नाही. हे टेबल जव्हार-मोखाड्याकडच्या एका सरकारी ऑफिसातलं. कुठलं ते विचारू नका. मी या भागातली जुनी पत्रकार. दुपारी डबा घेऊन तिथे जाते, कारण साहेब जे सांगत नाहीत ते टेबल सांगतं. टेबलावर मीनल आणि सुरेखाताई या दोघी क्लार्क, आणि काळूमामा शिपाई.

मीनलने छाती मोठी करून घेण्याचं ऑपरेशन केलं, त्याचे हे किस्से. नाव बदललंय. परवानगी तिनेच दिली. म्हणाली, "लिहा ताई, पण रस्त्याच्या खड्ड्यांचंही लिहा."

*

मीनल माझ्या शेजारच्या खोलीत राहते. चाळिशीला आलेली, एकटी. एका संध्याकाळी म्हणाली, "ताई, नाशिकला सोबत याल?" कशासाठी, तेही सांगितलं.

मला पहिला संशय आला तो पुरुषाचा. "कोणाच्या सांगण्यावरून करतेयस हे?"

"कोणाच्याच नाही. लहानपणापासून मनात होतं, आता पैसे साठले."

"तरी कोणासाठी?"

"ताई, तुम्ही पुढचे दात बसवून घेतलेत, तेव्हा मी विचारलं का कोणासाठी?"

मी तोंड मिटलं. दातांसकट.

*

मग माझा संशय डॉक्टरकडे वळला. गुळगुळीत केबिन, भिंतीवर हसऱ्या बायकांचे फोटो. डॉक्टर म्हणाले, "थोडं डिसकम्फर्ट असतं."

"म्हणजे दुखतं?"

"ताण जाणवतो."

"म्हणजे दुखतं?"

"प्रत्येकाची सहनशक्ती वेगळी असते, मॅडम. आपण पेशंटच्या कोण?"

"शेजारीण. पत्रकार आहे."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "हे बघा, इम्प्लांट स्नायूच्या खाली बसवणार. पहिले काही दिवस चांगलंच दुखणार. छातीवर कोणीतरी बसलंय असं वाटेल. कुशीवर झोपायचं नाही, हात खांद्याच्या वर न्यायचे नाहीत, वजन उचलायचं नाही. सकाळी उठताना सगळ्यात जास्त त्रास."

मीनल माझ्या कानात म्हणाली, "ताई, मघाचाच डॉक्टर बरा होता."

*

ऑपरेशन नीट झालं. परत आणायला गावातली जीप ठरवली. मीनल पुढच्या सीटवर, सीटबेल्ट आणि छाती यांच्या मध्ये उशी, दोन्ही हातांनी आवळून धरलेली. त्र्यंबक मागे पडलं आणि रस्त्याने आपले गुण दाखवायला सुरुवात केली. प्रत्येक हादऱ्याला तिच्या तोंडून बारीक आवाज निघे.

ड्रायव्हरने आरशातून बघितलं. "ऑपरेशन कशाचं म्हणायचं?"

"पित्ताशयाचं," मी ठोकून दिलं.

त्याने एक खड्डा चुकवला. मग म्हणाला, "आमच्या मंडळींचं पण झालं पित्ताशयाचं. ती उशी खाली धरायची. या वर का धरतात?"

मीनल डोळे न उघडता म्हणाली, "माझं वर आहे."

पुढे एक खड्डा असा आला की जीपच थांबली. ड्रायव्हर उतरून टायर बघत म्हणाला, "ताई, या खड्ड्याचं तुम्ही पेपरात दिलेलं ना?"

"तीनदा."

"तरीच मोठा झालाय."

*

सेवेला गावाहून, पोशेऱ्याहून, तिची आई आली. "बायकांचं ऑपरेशन" एवढंच तिला सांगितलेलं. मीनल तीन उशांना टेकून अर्धवट बसलेली, छातीभोवती ऑपरेशननंतरची घट्ट पट्ट्यांची ब्रा, दिवसरात्र. मध्येच आतून सुईसारखी चमक निघायची. एका बाजूला स्पर्शच कळायचा नाही. वेदनेच्या गोळ्यांनी पोट गच्च. दाराची कडी वर, हात तिथवर जाईना, म्हणून रात्री आई दाराला पाटा लावून झोपायची.

आई नाचणीची आंबील करायची, भरवायची आणि काही विचारायची नाही. मला त्याचाच संशय. जी बाई भाजीवाल्याला दहा प्रश्न विचारते, ती इथे गप्प कशी?

चौथ्या की पाचव्या दिवशी मी गेले तर म्हातारी कोबीची थंड पानं मीनलच्या हातात देत होती.

"हे कशाला, आजी?" मी विचारलं.

"बाय, ही झाली तवा माझी छाती अशीच दगडावानी झालेली. दूध दाटलेला, तवा हीच पानं लावलेली. मला नाय का कळत कुठं दुखतंय ते?"

मीनल पांढरी पडली. "आये, कोणाला बोलू नको."

"मी कशाला बोलू?" मग लेकीकडे नीट बघून म्हणाली, "बेस दिसतंय पण."

*

मीनल ऑफिसात रुजू झाली ती खांद्याचं ऑपरेशन सांगून. हात वर जात नाही, तेव्हा बहाणा खांद्याचाच बरा. सर्टिफिकेटवरही डॉक्टरने 'शस्त्रक्रिया व विश्रांती' एवढंच लिहिलेलं. रजेचा अर्ज साहेबांच्या टेबलावर. साहेब सही करीनात. नामंजूर झाली तर महिन्याचा पगार आणि वर चौकशी. आणि खरं सांगितलं तर बाजाराच्या दिवशी सगळा तालुका तिच्या तोंडाकडे बघणार नाही, हे काय वेगळं सांगायला हवं?

टेबलावर तर्क सुरू झाले. सुरेखाताईंचं म्हणणं, हिने कोणाला तरी किडनी दिली. "ओढणी बघा कशी घेते, दुहेरी. काहीतरी झाकतेय."

"किडनी ओढणीखाली असते का?" मी म्हटलं.

काळूमामांना हृदयाचा संशय. हसताना मीनल छाती धरायची, एवढा पुरावा त्यांना पुरेसा होता. त्यांनी तिच्यासमोर वाईट बातमी सांगणंच बंद केलं. पाण्याचा टँकर आला नाही, तर सांगायचे, "येतोय. निघालाय." साहेबांनी बोलावलं, तर यायचे आणि हळू आवाजात म्हणायचे, "मॅडम, घाबरू नका. आधी बसा. पाणी प्या. साहेबांनी बोलावलंय."

या प्रस्तावनेने मीनलला खरोखरच धडकी भरायची.

*

तिची वेणी मी घालून द्यायची, कारण तिचे हात मागे जात नव्हते. मला वेणी येत नाही. माझे केस कॉलेजपासून आखूड. सुरेखाताई रोज ती वेणी मागून न्याहाळायच्या. एकदा न राहवून म्हणाल्या, "मीनल, खरं सांग. कोणी पुरुष माणूस आहे ना घरात? बाईने घातलेली वेणी नाही ही."

मी डब्यातली भाकरी मोडत राहिले.

*

त्याच आठवड्यात साहेबांची एक प्रेसनोट आली. वरच्या पाड्यावर विहीर दिवाळीतच बांधून पूर्ण, पाडा टँकरमुक्त, ग्रामस्थांत समाधान. मीनलनेच ती टाइप केलेली, कोपरं अंगाला चिकटवून, थांबत थांबत. मी साहेबांकडे फोटो मागितला. म्हणाले, उद्या देतो. दुसऱ्या दिवशी म्हणाले, फोटोत काय आहे एवढं, विहीर विहिरीसारखीच असते. फोटोशिवाय मी कोणाचं समाधान छापत नाही. नोट पर्समध्ये ठेवून दिली.

शुक्रवारी आम्ही डबे उघडले आणि साहेब मीनलचा अर्ज हातात घेऊन थेट टेबलापाशी आले. मी खांबाच्या आड बसलेली, त्यांना दिसले नाही.

"मॅडम, जीपवाला मला काल भेटला. तो म्हणतो पित्ताशय. तुम्ही म्हणता खांदा. कुठला खांदा?"

मीनल दोन्ही हात पोटाशी धरून बसलेली. "दोन्ही, साहेब."

"दोन्ही खांदे एकदम कसे काय?"

"पडले."

"कुठे पडलात?"

सुरेखाताईंनी घास खाली ठेवला. काळूमामा पाण्याचा ग्लास घेऊन तयार. मीनलची नजर टायपिंगच्या टेबलाकडे, कॉम्प्युटरकडे गेली.

"वरच्या पाड्यावर, साहेब. मावशीकडे गेले होते. त्या नव्या विहिरीत."

"विहिरीत?"

"पाणी शेंदताना पाय घसरला."

साहेबांनी अर्ज टेबलावर आपटला. "किती खोटं बोलाल? मी स्वतः जाऊन आलोय तिथे. त्या पाड्यावर विहीर नाहीच!"

मी खांबाआडून खुर्ची जरा पुढे ओढली, पर्समधून प्रेसनोट काढली आणि पेनाचं टोपण उघडलं. साहेबांनी मला बघितलं.

मीनलने उशीसारखा डबा छातीशी धरला आणि अगदी मऊ आवाजात विचारलं, "मग मी पडले कशात, साहेब?"