बेचाळिसावी गाठ

गाठकाकांचं खरं नाव वस्तीत कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि त्यांनीही ते कधी कुणाला सांगितलं नाही. इंटरनेट पुरवणाऱ्या एका लहानशा कंपनीत ते सव्वीस वर्षं तारा ओढत होते. गच्चीवर चढायचं, खांबावरून केबल घ्यायची, खिडकीच्या चौकटीला भोक पाडून ती आत सोडायची, राउटरवर हिरवा दिवा लागला की जिना उतरायचा. माणूस तापट. केबलवर कुणी कपडे वाळत घातलेले दिसले की गच्चीवरूनच ओरडायचे, "अहो, ही दोरी नाही, नेट आहे तुमचं! शर्ट सुकेल, पण सिनेमा अडेल!" लोक हसायचे, कपडे काढायचे, आणि आठ दिवसांनी पुन्हा तिथंच घालायचे.

आणि गंमत म्हणजे या इंटरनेटवाल्याच्या खिशात साधा बटणांचा फोन. त्यावरून कुणी चिडवलं की म्हणायचे, "मिठाईवाला मिठाई खातो का?"

नाव पडलं ते गाठींमुळे. कामाला लागून तीन-चार वर्षं झाली असतील तेव्हाची गोष्ट. भर दुपारी एका इमारतीत जुनी केबल बदलायची म्हणून त्यांनी न विचारता एका घराची लाइन तोडली. वीस मिनिटांचं तर काम! नवीन केबल जोडून दार वाजवलं, तर दारात एक मास्तर उभे, इस्त्रीचा सदरा, भांग पाडलेला. पडद्यावर त्यांची नोकरीची मुलाखत चालू होती, ती मध्येच तुटली. मास्तर रागावले नाहीत. "झालं का काम?" एवढंच विचारलं आणि हळूच दार लावून घेतलं. ती नोकरी त्यांना मिळाली नाही. काका घरी आले ते जेवलेच नाहीत. बायको तेव्हा कपडे शिवायची. तिनं सगळं ऐकून घेतलं, मशीनच्या खणातून लाल दोऱ्याचं रीळ काढलं आणि त्यांच्या हातावर ठेवलं. म्हणाली, "ज्या घरात आधी विचारायला हवं, त्या घराच्या तारेला हे बांधत जा. म्हणजे पुन्हा हात लावताना डोळ्याला दिसेल."

तेव्हापासून हा शिरस्ताच पडला. लाल गाठ दिसली की त्या तारेला हात लावायचा नाही. आधी दार वाजवायचं. कुठं कुणाच्या छातीला लावलेलं यंत्र दवाखान्याला ठोके कळवत असायचं, कुठं एखादी आंधळी बाई घरबसल्या दिवसभर भाषांतरं ऐकून टंकत असायची. वर्गणी थकली असली तरी गाठीची लाइन विचारल्याशिवाय तुटायची नाही. कंपनीतले नवे कामगार आधी हसायचे, मग कानाला खडा लावायचे. सव्वीस वर्षांत अशा एक्केचाळीस गाठी झाल्या.

चार वर्षांपूर्वी काकांच्याच बायकोला पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. शिवणयंत्रावर कापड झाकलं गेलं ते कायमचंच. उरला डावा हात आणि डोळे. ती पलंगाच्या दांडीवर बोटानं दोनदा टकटक करायची. याचा अर्थ, लाव. काय लावायचं ते सांगावं लागत नसे. रोज चार वाजता तिची मोठी बहीण समुद्रापलीकडून पडद्यावर यायची. काका टॅब उशीला टेकवून उभा करायचे आणि बाजूला व्हायचे. बहीण एकटीच बोलायची, अर्धा अर्धा तास. शेजारणीची उणीदुणी, लहानपणीची भांडणं, कुणाच्या झग्याची बाही कुणी उसवली ते. इकडची अर्ध्या तोंडानं हसायची, डाव्या हातानं उत्तर द्यायची, आणि ते त्या दोघींनाच कळायचं. दिवसातले उरलेले साडेतेवीस तास बाई छताकडे बघत असायची. खरं सांगायचं तर तिचं जगणं त्या अर्ध्या तासावर तगून होतं.

इकडे कंपनी बुडायच्या बेतात होती. मोठ्या कंपन्यांपुढं कुणाचा टिकाव लागणार? तेव्हा काकांची पुतणी पुढं आली. भाऊ गेल्यावर काकांनीच हिला लहानाचं मोठं केलं, शिकवलं, आणि आता तीच कंपनीची मुख्य इंजिनिअर होती. तिनं नवी पद्धत मांडली. आजवर प्रत्येक घराला एकच एक वेग, हवा असो वा नसो. आता तसं नाही. महिन्याची वर्गणी भरायची आणि लागेल तेव्हा लागेल तेवढं फोनवरून मागायचं. परीक्षेचा आठवडा आहे, दुप्पट वेग घ्या. डॉक्टरला दुपारी दोन तास अजिबात न अडणारी लाइन हवी, ती तेवढ्यापुरती घ्या. दुकानदाराला गर्दीच्या दोन दिवसांत बिलं अडू नयेत म्हणून वेगळी लाइन हवी, मिळेल. मागणी संपली की तो वेग आपोआप दुसऱ्याकडे जाणार. कुणाला जिना चढायला नको, कुणाला हेलपाटे नकोत.

काका आधी भडकले. "म्हणजे आम्ही आता शोभेला?"

पुतणी शांतपणे म्हणाली, "काका, वस्तीतले लोक खिडकीतून तुम्हाला हाक मारून काय सांगतात? उद्या पोरीची परीक्षा आहे, जरा जोर द्या. आणि तुम्ही ऑफिसात येऊन जोर देता की नाही? तुम्ही जे सव्वीस वर्षं तोंडी करताय, तेच मी यंत्राला शिकवतेय."

पोरगी खरं बोलत होती. काकांनी एवढंच विचारलं, "आणि गाठी? तुझ्या यंत्राला लाल दोरा दिसतो का?"

पुतणीनं त्यांच्यासमोर कोरी यादी ठेवली. "नाही दिसत. म्हणून तर तुम्ही पाहिजे. प्रत्येक गाठीचा ग्राहक क्रमांक आणि कारण मला द्या. ती लाइन वर्गणी संपली तरी आपोआप बंद होणार नाही, आधी माणूस विचारेल. शब्द देते."

मग काय! तीन आठवडे काका गच्च्या पालथ्या घालत होते. गुडघे बोंबलत होते, तरी प्रत्येक गाठ हातानं चाचपून, दार वाजवून, क्रमांक लिहून घेत होते. एक्केचाळीस घरं, एक्केचाळीस कारणं. पुतणीनं सगळी यंत्रात भरली. नवी पद्धत मंगळवारी सुरू व्हायची होती, त्याच्या आदल्या शनिवारी तिनं शेवटची यादी काढली आणि विचारलं, "काका, सतरा लाइन बिनक्रमांकाच्या निघाल्यात. वर्गणी नाही, नोंद नाही. मंगळवारी आपोआप बंद होतील. होऊ देऊ ना?"

काकांचं डोकंच फिरलं. "होऊ दे की! विचारतेस काय? खांबावरून आकडे टाकून फुकट चरतायत लेकाचे!"

सोमवारी चार वाजता बायकोची बहीण पडद्यावर आली ती दवाखान्याच्या खाटेवरून. हृदयाचं मोठं ऑपरेशन दुसऱ्या दिवशी ठरलेलं होतं. म्हणाली, "उद्या मला आत नेणार आहेत. त्याआधी याच वेळेला तुझं तोंड बघते आणि मग जाते. तू घाबरू नकोस गं, मी घाबरलेय तेवढं पुरे." बायकोनं डावा हात पडद्यावर टेकवला आणि बराच वेळ काढला नाही. काका म्हणाले, "अगं, काळजी करू नकोस. उद्या चारच्या आत मी घरी असतोच."

मंगळवारी सकाळी सहाला जुनी पद्धत बंद झाली, नवी सुरू झाली. काका सहापासून रस्त्यावर होते. प्रत्येक गाठीच्या घरी जाऊन दिवा बघायचे. छातीला यंत्र लावलेले आजोबा दारातच म्हणाले, "चालू आहे हो, जिवंत आहे मी!" सव्वातीनला त्यांनी पुतणीला फोन केला. ती आनंदानं म्हणाली, "एक्केचाळीसच्या एक्केचाळीस चालू, काका! एकही पडली नाही!" काकांना भरून आलं. इतक्या वर्षांचं काम वाया गेलं नाही, असं वाटलं. रमतगमत ते घरी आले तेव्हा चारला दहा मिनिटं कमी होती.

बायको वाटच बघत होती. दांडीवर टकटक. काकांनी टॅब उभा केला. पडदा नुसताच फिरत राहिला. राउटरकडे बघितलं तर दिवा लाल.

सव्वीस वर्षांत लाल दिव्याचा एकच अर्थ त्यांना माहीत होता, तार कुठंतरी दुखावली आहे. फोन खिडकीत ठेवून, हत्यारांची पिशवी उचलून ते गच्चीवर धावले. पेटी उघडली, जोड तपासले. सगळं ठीक. तरी एक जोड तोडून नव्यानं मारला. घाम डोळ्यांत जात होता, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा जोड दोनदा फसला. तिसऱ्यांदा बसला. तो त्यांनी आजवर मारलेल्या जोडांइतकाच चोख होता. खाली येऊन बघतात तर दिवा लालच.

बायको खिडकीकडे बघत होती. फोनवर सात कॉल येऊन गेले होते, सगळे समुद्रापलीकडच्या एकाच क्रमांकावरून. फोन तिच्यापासून चार हातांवर वाजत राहिला होता आणि तिला उचलता आला नव्हता. काकांनी उलट फोन लावला. कुणी उचलला नाही. मग त्यांनी पुतणीला लावला. तेव्हा चार वाजून अडतीस मिनिटं झाली होती.

"काका, तुमचा ग्राहक क्रमांक सांगा," पुतणी म्हणाली.

काकांच्या लाइनला क्रमांक नव्हताच. कंपनी सुरू झाली त्या आठवड्यात त्यांनी चाचणीसाठी म्हणून खांबावरून एक तार आपल्या खिडकीत ओढली होती. ती तशीच राहिली. तिची ना कधी वर्गणी भरली, ना नोंद केली. तारवाल्याच्या घरची तार, तिला कोण विचारतंय? सतरा चोरांतला एक चोर त्यांच्याच घरी राहत होता, आणि त्याला बंद करायला त्यांनी आपल्याच तोंडानं सांगितलं होतं.

पुतणीनं जागेवरूनच लाइन सुरू केली. एक मिनिटही लागलं नाही. हिरवा दिवा लागला, टॅब जागा झाला, पण तिकडे बहिणीला आत नेलेलं होतं. ती ऑपरेशनमधून परत आली नाही. दुसऱ्या दिवशी भाच्यानं कळवलं. म्हणाला, "आई शेवटपर्यंत विचारत होती, ती का दिसत नाहीये म्हणून."

पुतणी धावत आली. काकूच्या पायाशी बसून ढसाढसा रडली. "मी नुसता आकडा बघितला. सतरा. कोण आहेत ते विचारायला हवं होतं मी."

"तू विचारलंस की मला," काका म्हणाले. "मीच म्हणालो, होऊ दे."

बायकोनं कुणाला दोष दिला नाही. द्यायचा तरी कसा? डावा हात पुतणीच्या डोक्यावर ठेवून ती पडून राहिली. पण त्या दिवसापासून तिनं काकांकडे फारसं बघितलं नाही.

आता नव्या पद्धतीत बिनक्रमांकाची लाइन आपोआप बंद होत नाही. माणूस दार वाजवून विचारतो. तो बदल पुतणीनं त्याच आठवड्यात केला. वर्गणी घेताना फोनवर एक प्रश्नही येतो, ही लाइन बंद करण्याआधी विचारावं का, आणि कशासाठी. वस्तीतले शेकडो लोक तो भरतात. कंपनीही तरली. काकांना रीतसर ग्राहक क्रमांक मिळाला, ते दरमहा वर्गणी भरतात. मशीनच्या खणातून त्यांनी रीळ काढलं, दोऱ्याचे शेवटचे काही वेढे उरले होते. बायकोच्या देखत त्यांनी खिडकीतल्या तारेला गाठ मारली. ती बघत होती. गाठ बसली तेव्हा तिनं डोळे मिटून घेतले.

चार वाजले की ती अजून दांडीवर दोनदा टकटक करते. पहिल्या दिवशी काका म्हणाले, "अगं, आता कोण येणार आहे?" तिनं पुन्हा टकटक केली. तेव्हापासून ते टॅब उशीला टेकवून उभा करतात आणि बाजूला होतात. ती अर्धा तास रिकाम्या पडद्याकडे बघते, डावा हात मध्येच हलतो. राउटरवरचा दिवा हिरवा असतो. त्या दिवसानंतर ती लाइन एकदाही पडलेली नाही.