लॅकॉनिक माणूस

एसटी स्टँडजवळच्या इंग्रजीच्या क्लासात ‘लॅकॉनिक’ हा शब्द आला. बाईंनी अर्थ सांगितला, अगदी मोजक्या शब्दांत बोलणारा, आणि वाक्य करायला लावलं. मी पटकन म्हटलं, ‘माझे वडील लॅकॉनिक आहेत.’ वर्ग हसला. मला संताप आला, कारण त्याच आठवड्यात बाबांच्या घशातली गाठ कॅन्सरची निघाली होती आणि स्वरयंत्रच काढावं लागणार होतं.

बाबा मिरकरवाडा बंदरातल्या एका मासेमारी बोटीवर तांडेल, खलाशांना हुकूम सोडणारे. वायरलेसवर बोललेलं आसपासच्या सगळ्या बोटींना ऐकू जातं. मासळी कुठे लागली हे तोंडातून निसटलं, की बाकीच्या बोटी तिथे हजर. म्हणून तांडेल दोन शब्द बोलतो आणि बटण सोडतो. बाबांनी ही सवय घरातही आणली. कोणी ऐकत असलं की मिठाची गुळणी धरून बसायचे, आणि आमच्या घरात कोणी ना कोणी ऐकत असायचंच. आई चिडून म्हणायची, ‘घरात काय पापलेटं लपवलीत?’

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी कोल्हापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, काय बोलायचं ते आज बोलून घ्या. मला एवढंच हवं होतं, की बाबांनी माझ्याशी एकदा भरभरून बोलावं. काहीही, शिव्यासुद्धा चालल्या असत्या. पण त्यांचा आवाज शेवटचा ऐकायला अख्खी वाडी आलेली. कॉटभोवती काका, मावश्या, खलाशी, आणि सगळ्यांचे मोबाइल रेकॉर्डिंगला लावलेले. बाबांनी सगळ्यांकडे बघितलं आणि घोगऱ्या आवाजात म्हणाले, ‘बरा हाय मी. जेवून घ्या.’ मी हात जोडून लोकांना बाहेर जायला सांगितलं. मावशी रुसली, पण जागची हलली नाही. भेटीची वेळ संपली आणि सिस्टरनी मलाही बाहेर काढलं.

आता बाबा घरी आहेत. श्वासासाठी गळ्याला भोक आहे, आवाज नाही. लिहिताही येत नाही, शाळा दुसरीतच सुटली. आणि जे जन्मभर चार शब्द धड बोलले नाहीत, ते आता दिवसभर बोलतात. कोणाला ऐकू जात नाही म्हणूनच की काय, ओठ थांबतच नाहीत. माझ्याकडे बघून, बोट नाचवत, मध्येच हसत, मध्येच डोळे पुसत लांबलचक काहीतरी सांगत राहतात. मी त्यांच्या ओठांवर नजर लावून बसते. ‘जाळं’ कळतं, माझं नाव कळतं. बाकी काही कळत नाही.

परवा कोलंबी सोलताना आई म्हणाली, ‘तुजं बाबा काय सांगतायत ता जरा इचार.’

मी विचारलं. त्यांनी सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.