अक्काच्या मांडीवरचा ताल

इतक्या उशिरा लेखणी हाती धरल्याबद्दल क्षमा असावी. पण ताज्या व्हार्निशचा वास आला की तंजावुरात नव्याने आलेल्या कंपनीतली, टेलिफोनवर बोलण्याच्या नोकरीची माझ्या थोरल्या बहिणीची, अक्काची, ती मुलाखत आठवते. मी नुकतेच व्हार्निश लावलेल्या मागच्या बाकावर होते. अक्काला 'रिस्पॉन्सिबिलिटी' हा शब्द तोडून म्हणायला सांगितले. आमच्या घरी गाण्यासारखे इंग्रजीही तालावर शिकवत: साध्या अक्षराला बोट, जोराच्या अक्षराला थाप. तिने मांडीवर बोटे मोजत, 'बि'वर थाप देत तो अचूक म्हटला. "अम्मा, इथे गाणे ठेवलेले नाही!" मुलाखत घेणारे साहेब हसले. "उच्चार चुकला का, सर?" अक्काने विचारले. "उच्चार बरोबर आहे. पण हे गावंढळ हातवारे आमच्याकडे चालायचे नाहीत. पुढची!" अक्काने पुन्हा कुठेही अर्ज केला नाही. माझा संताप अजून शमलेला नाही. टेलिफोनवर कुणाला तिचा हात दिसणार होता का?