ओस पडलेल्या नगराचा धडा

बहात्तर साली मी पाथर्डीकडच्या एका डोंगरावरच्या गावात मास्तर होतो आणि तिथून सुटायला तडफडत होतो. राहुरीला, कालव्याकाठच्या शाळेत बदली मिळावी म्हणून अर्ज केला होता. तो मंजूर होणं शाळातपासणीच्या शेऱ्यावर होतं. साहेब इतिहास विचारतात असं कळल्यावर मी पंधरा दिवस सातवीच्या पोरांकडून एकच धडा घोकून घेतला: डोंगरावर वसलेलं एक ग्रीक नगर. तटबंदी, देवळं, सभेचा चौक, भरभराट आणि शेवटी शुकशुकाट. का ओस पडलं? ‘परचक्र व राजकीय अस्थैर्य.’ पोरांना त्यातलं काही कळत नव्हतं. खरं तर मलाही नाही.

साहेब डोंगर चढून घामाघूम होऊन आले. सातवीतल्या एका पोरीनं खालच्या विहिरीवरून आणलेली कळशी मी पुढे केली. त्यांनी चुळा भरल्या, खाकरून थुंकले, पाय धुतले आणि उरलेलं पाणी रुमालावर ओतलं. पोरगी रिकाम्या कळशीकडे बघत राहिली. मला शिसारी आली, तरी मी टॉवेल धरून उभाच.

मग त्यांनी नेमकं तिलाच विचारलं, “ते नगर का गं ओस पडलं?”

“पानी सपलं आसंल, सायेब. बाया डोंगर चढून किती दिस आनतील? मंग गाव उठलं आसंल. आमचं बी उठतंय आयतवारी, ऊसतोडीला.”

“गाव उठलं? म्हणजे इतके दिवस झोपलं होतं की काय?” साहेब आपल्याच कोटीवर खदखदून हसले.

गाव उठणं म्हणजे काय, हे मला पुरतं ठाऊक होतं. तरी मीही दात काढले. त्या हसण्याची मला आजही किळस येते. वर तिला म्हणालो, “चूक. खाली बस.” पुढच्या पोरानं परचक्र घडाघडा म्हणून दाखवलं. शेरा मिळाला, ‘उत्तम’.

रविवारी बैलगाड्या उतरल्या. भांडीकुंडी, शेळ्या, पोरंबाळं, सगळं निघालं. ती पोरगी गाडीमागून चालत होती. “येते गुर्जी,” म्हणाली, नेहमीसारखीच. मी दारात चहा पीत होतो.

महिन्याभरात बदलीचा हुकूम आला. सोबत माझा अर्ज जोडलेला होता. बदलीच्या कारणापुढे माझ्याच वळणदार अक्षरात लिहिलं होतं: ‘गावी पिण्यास पाणी नाही.’ साहेबांनी त्यावर तांबड्या शाईनं बरोबरची खूण केली होती.