किती पडतील ते आधी सांगा

सलूनवाले काका भारी भिडस्त. हातात कात्री असली की त्यांच्या तोंडालाही धार यायची, पण स्वतःसाठी काही विचारायचं म्हटलं की दातखीळ बसायची. हर्नियाच्या ऑपरेशनसाठी दाखल व्हायला ते लेकीबरोबर हॉस्पिटलात गेले, तेव्हा काउंटरवरच्या बाईंनी कागद पुढे सरकवला. "इथे सही करा."

काकांनी पेन उचललं आणि पुन्हा खाली ठेवलं. "ताई, आम्हाला किती पडतील?"

"ते बिल झाल्यावर कळेल."

लेकीने कोपराने ढोसलं, "बाबा, सगळे बघतायत." पण त्या दिवशी काकांना कुठून बळ आलं कोण जाणे!

"अहो, साबण फासून झाल्यावर मी दाढीचा भाव सांगितला, तर गिऱ्हाईक अर्ध्या दाढीनिशी पळेल की!"

बाईंना हसू फुटलं. त्यांनी काकांना स्टुलावर बसवलं आणि सगळ्या खर्चाची फोड करून सांगितली. डॉक्टरांची फी आणि औषधं विम्यातून जाणार होती. स्वतंत्र खोलीचं जास्तीचं भाडं तेवढं काकांच्या गळ्यात पडणार होतं.

"मग मला चारचौघांतच झोपवा," काका म्हणाले. "गप्पांना माणसं तरी मिळतील." त्यांनी झोकात सही ठोकली. पोटात आलेला भीतीचा गोळा ऑपरेशनआधीच नाहीसा झाला होता.

काका उठतात न उठतात तोच रांगेतले एक आजोबा स्टुलावर बसलेसुद्धा. "बाई, आता माझीही फोड करा!"